पायाळूचा पाय

केडगावात बन्सीच्या टपरीवर जूनपासून एकच भांडण चालू होतं, आणि ते भांडण ना केडगावचं होतं ना नगरचं. ते अमेरिकेचं होतं. ओक्लाहोमानं जिंकलेली बास्केटबॉलची चॅम्पियनशिप हक्काची की फुकटची? आता तुम्ही म्हणाल, केडगावच्या माणसाला ओक्लाहोमाशी काय देणंघेणं? अहो, तेच तर! ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्यावरून माणूस जितका जीव तोडून भांडतो, तितका शेताच्या बांधावरूनही भांडत नाही.

झालं होतं असं. फायनलच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मॅचला सगळे उजाडायच्या आतच टपरीवर जमले होते. बन्सीनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर तीन डोकी एकमेकांवर आपटत होती: टेम्पोवाला काकासाहेब, विमा कंपनीतले शामकांत साहेब आणि नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीन चालवणारा गोरक्षनाथ. इंडियानाच्या मुख्य खेळाडूची पोटरी दोन मॅच आधीच दुखावली होती. तरी गडी उतरला. आल्या आल्या लांबून तीन बास्केट घातले, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये, कुणाचा धक्का नाही की काही नाही, धाडकन खाली आला. टाचेमागची शीर तुटली होती. पडल्या जागी तो तळहातानं जमीन बडवत राहिला, आणि बन्सीच्या हातातला चहा तसाच राहिला. पुढं ओक्लाहोमानं मॅच मारली, ट्रॉफी उचलली. भांडण तेव्हा जे पेटलं ते दिवाळी होऊन गेली तरी विझलं नव्हतं.

गोरखचं म्हणणं एकच. "उतरला ना मैदानात? मंग झालं! लंगडा उतरला का धडका, त्येचं त्यो बघंल. शेवटपर्यंत जो उभा ऱ्हायला, ट्रॉफी त्येची. हक्काची!"

शामकांत साहेब मग कप खाली ठेवायचे. एरवी शांत माणूस. युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, बोलणं तोलूनमापून. पण या विषयावर त्यांचा आवाज चढायचा. "अरे गोरख, त्याची पोटरी दुखावलीय हे तुला-मला इथं केडगावात बसून माहीत होतं! मग त्याच्या अख्ख्या टीममध्ये एकही बापमाणूस नव्हता का, जो म्हणेल, बाळा, आज बस? ज्याला ठाऊक होतं आणि जो गप्प बसला, त्यानं त्या पोराचा पाय मोडला. मग ती ट्रॉफी फुकटचीच."

"साहेब, खेळात दयामाया नसती."

"खेळात नसेल. माणसात असते."

काकासाहेब दोघांच्या मध्ये बसून तेल ओतायचा. ज्याची बाजू पडती दिसेल त्याला फूस द्यायची, हा त्याचा धंदा. टेम्पो चालवणं हा जोडधंदा.

आता गोरखबद्दल एक सांगितलं पाहिजे. तो मूळचा काष्टीचा, आणि पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. आपल्याकडं पाठीत उसण भरली की डॉक्टरच्या आधी पायाळू माणूस शोधतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पालथं पडायचं, त्यानं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, की उसण उतरते. काष्टीला असताना बाजाराच्या दिवशी गोरखच्या दारात कण्हणारी माणसं बसलेली असायची. केडगावात आला तर गल्लीतली, कंपनीतली माणसं यायला लागली. पैसा तो कुणाचा घ्यायचा नाही. आई गोजरबाईनं लहानपणीच दोन गोष्टी बजावल्या होत्या. "पाय फकस्त पाठीला लावायचा, दुसरीकडं न्हाई. आन् लावताना तोंडातून सबूद काढायचा न्हाई, मनात वंगाळ आणायचं न्हाई. न्हाईतर उलटतं." म्हातारी गेली, पण तिचे दोन्ही नियम गोरखनं पाळले होते. पायाचा गुण खरा की खोटा, हे त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. लोक उठून ताठ चालायला लागायचे एवढं खरं.

शामकांत साहेब हसायचे. "लाथा खायला रांगा लावता रे! मला आपली गोळी बरी."

पण साहेबांची पोरगी मधुवंती तशी नव्हती. ती आणि गोरखची सृष्टी, दोघी टपरीसमोरच्या सिमेंटच्या कोर्टवरच बास्केटबॉल शिकल्या. जाळी नसलेल्या रिंगमध्ये. दोघींना पहिल्यांदा चेंडू धरायला साहेबांनीच शिकवलं. मधूनं लहानपणापासून गोरखच्या घरात भाकरी खाल्लेली, त्याला ती काका म्हणायची. अकरावीला दोघींची कॉलेजं वेगळी झाली, टीमा वेगळ्या झाल्या, मैत्री मात्र तशीच राहिली. खेळात मधू सरस होती. सृष्टी मेहनती, मधूच्या अंगातच खेळ. गोरखला हे कळत होतं, आणि कळूनही ते गिळवत नव्हतं.

कारण यंदा सृष्टीचं बारावीचं वर्ष. जिल्ह्याची फायनल जिंकणारी टीम राज्य स्पर्धेला जाणार होती. पुण्याच्या एका कॉलेजानं सांगितलं होतं, राज्याला खेळलेली पोरगी असेल तर प्रवेश देतो, होस्टेलही देतो. आणि नाही खेळली तर? तर श्रीगोंद्याच्या मामानं आणलेलं स्थळ होतंच. बायको पुष्पावती आपल्या भावाला नाही म्हणायला तयार नव्हती, आणि गोरखनं तिला शब्द दिला होता: राज्याला गेली तर पोरगी शिकंल, न्हाई गेली तर तू म्हणशील तसं. तेव्हा शब्द देताना तो मोठ्या तोऱ्यात होता. फायनलला समोर मधूचीच टीम येईल, हे तेव्हा त्याला कुठं माहीत होतं?

आली. फायनलच्या आदल्या दिवशी सृष्टी प्रॅक्टिसला गेलेली, पुष्पावती गिरणीत. गोरख पहिली पाळी करून आला होता. ओट्यावर टेकतो न टेकतो तोच दारात स्कूटी थांबली आणि मधुवंती उतरली. उतरताना तिनं उजवा पाय जपून टेकला, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"काका, पोटरीत चमक भरलीय. दोन दिवस झाले. पाय लावता का?"

गोरखनं तिची पोटरी बघितली. सुजलेली होती. तिला टाचेवर जोर देववत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर साखरेच्या डब्याला टेकवलेला मोबाईल आला, आणि जमीन बडवणारा तो हात.

"साहेबांना दावलंस का?"

"नाही हं! बाबांना सांगू नका, काका. शपथ आहे तुम्हाला. त्यांना कळलं तर मला बसवतील. सरांनाही सांगितलं नाहीये." मग ती एकदम हसली. "तुमचा पाय लागला की उतरेल. काकासाहेबांची कंबर नाही का उतरली?"

आता बघा, काय करायला पाहिजे होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाई गं, पायाळूचा पाय पाठीला असतो, पोटरीला नसतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नाहीतर, तो अमेरिकेतला पोरगा असाच उतरला आणि आडवा झाला, हे. पाच महिने जे टपरीवर ओरडून ओरडून सांगत होता, तेच एकदा हळू आवाजात. गोरखनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्याची नजर उंबऱ्याशी ठेवलेल्या सृष्टीच्या जुन्या बुटांवर गेली. दोन्हींचे तळवे झिजलेले, एकाला फेविक्विक लावलेलं. त्याचं तोंड मिटलं.

त्यानं आत जाऊन चटई आणली. मधू पालथी झाली. त्यानं डावा पाय उचलला आणि तिच्या पोटरीला लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लावताना त्याच्या मनात आलं, उद्या ही नसली तर. झटकलं त्यानं लगेच, पण यायचं ते येऊन गेलं होतं.

मधू उठली, दोन पावलं चालली. "बरं वाटतंय, काका! खरंच बरं वाटतंय."

"मंग खेळ बिनधास्त," गोरख म्हणाला.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. पाय लावून गप्प बसला असता, तरी एकवेळ देवानं डोळेझाक केली असती. पण हे वरचे तीन शब्द त्यानं आपल्या पदरचे घातले. मधू आनंदानं गेली. रात्री जेवताना सृष्टी म्हणाली, "उद्या मधूला अडवणं लई अवघड हाय, पप्पा." गोरखनं भाकरी मोडली आणि कालवण वाढायला सांगितलं.

फायनलला केडगावातून निम्मी टपरी उठून गेली होती. काकासाहेबानं टेम्पोच काढला होता. साहेब आणि गोरख एकाच पायरीवर बसले, नेहमीसारखे. "आज जो जिंकेल तो आपल्याच कोर्टवरचा," साहेब म्हणाले आणि गोरखच्या मांडीवर थाप मारली. मधू पहिल्यापासून सुटली होती. पळत होती, उडत होती, तिची टीम पुढं होती. गोरखला क्षणभर वाटलं, चमक खरंच उतरली की काय! आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. आपली पोरगी हरतेय याचं वाईट, आणि हिचा पाय धड आहे याचं बरं, दोन्ही एकाच वेळी.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मधूनं चेंडू घेतला, सृष्टीला हूल दिली, उजवा पाय रोवला आणि जागच्या जागी खाली बसली. बाभळीची ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. पुढं काकासाहेब म्हणाला की असा आवाज कुणालाच आला नव्हता, पण गोरखला आला होता. मधूनं वळून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"कुणी लाथ मारली?" ती म्हणाली. "मागून कुणी लाथ मारली मला?"

पंच धावले, सृष्टी धावली. साहेब पायऱ्या उतरताना पडता पडता राहिले. गोरख त्यांच्या मागं गेला. दोघा बापांनी मिळून तिला उचललं, एकानं काखेत धरून, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली हात घालून. पाय गोरखकडं आले होते. उजवं पाऊल सैल लोंबत होतं. मधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती त्याच्याकडं बघून एक शब्द बोलली नाही. टेम्पोतूनच तिला दवाखान्यात नेलं.

मॅच पुढं झाली. खेळात दयामाया नसते ना! सृष्टीची टीम दोन पॉइंटनं जिंकली, शेवटचा बास्केट सृष्टीचाच. हार घातले, फोटो काढले. गोरखनं मोबाईलवर फोटो बघितला तेव्हा अख्ख्या टीममध्ये एकटी सृष्टी हसत नव्हती.

टाचेमागची शीर तुटलेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळेलही कदाचित, पण पूर्वीसारखं खेळण्याचं नाव आत्ता काढू नका. सृष्टी रोज दवाखान्यात जाऊन बसायची. एका संध्याकाळी परत आली ती चपला न काढताच गोरखसमोर उभी राहिली.

"पप्पा, तुमी मधूच्या पोटरीला पाय लावला हुता?"

गोरख जमिनीकडं बघायला लागला.

"तिनंच सांगितलं. घरी कुणाला बोलली न्हाई ती. म्हणली, काकांना उगं बोल लागंल. तुमाला बोल लागंल म्हणून ती गप ऱ्हायली, पप्पा!" सृष्टीचा आवाज फाटला. "ती तुमाला काका म्हणती. तुमी तिला त्या अमेरिकेच्या खेळाडूचं सांगितलं का? रोज टपरीवर वरडता ते?"

"तिला बरं वाटत हुतं..."

"सांगितलं का न्हाई?"

"न्हाई."

पोरगी रडली नाही. रडली असती तर गोरखला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मंग तो कप माझा न्हाई. तुमी सायबांना जाऊन सगळं सांगा. त्यांनी कप माझा म्हणला तर मी राज्याला जाईन. न्हाईतर मामाच्या स्थळाला व्हय म्हणते, माझं काय बी व्हऊ द्या." पुष्पावती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "जावा की सांगायला. आता कशाला मातीत बघताय?"

टीम निघायच्या आदल्या सकाळी गोरख टपरीवर गेला. साहेब तिथंच होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आलेले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बन्सीनं न विचारता त्यांच्यापुढं चहा ठेवला. पण काकासाहेबाच्या जिभेला हाड असतं तर तो टेम्पो कशाला चालवत बसला असता? तो म्हणालाच, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण आता सांगा. पोरींची ही ट्रॉफी हक्काची का फुकटची?"

"ए काक्या!" बन्सी ओरडला.

"विचारू दे," साहेब म्हणाले. त्यांनी रिकाम्या कोर्टकडं बघितलं. "हक्काची. मी पाच महिने भांडलो, कारण तिकडं सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प बसले. इथं तसं नाही. माझ्या पोरीनं कुणालाच कळू दिलं नाही. बापाला नाही, कोचला नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं, तर दोष कुणाला देऊ?" ते गोरखकडं वळले. "सृष्टीला सांग, कप तिचा आहे. शेवटचा बास्केट काय सुंदर घातला म्हणे पोरीनं. मी असतो तर उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या."

गोरख पुढं सरकला. "साहेब, मला तुमाला एक..."

"थांब, आधी माझं ऐक." साहेब उठायला गेले आणि कमरेत वाकले. "आठवडाभर दवाखान्याच्या बाकड्यावर झोपून पाठ धरलीय. गोळीनंही उतरेना. हसू नकोस, पण जरा पाय लावतोस का? मधूच म्हणाली. बाबा, गोरखकाकांकडून पाय लावून घ्या, म्हणाली."

एवढं बोलून शामकांत साहेब, ज्यांनी जन्मभर या प्रकाराची टिंगल केली ते, टपरीच्या बाकड्यावर पालथे झाले. तोंड लाकडाला लावलेलं, डोळे मिटलेले, हात लहान मुलासारखे अंगाशी धरलेले. बन्सीनं कप बाजूला केला. काकासाहेबसुद्धा गप्प झाला, कारण पाय लावताना बोलायचं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

गोरख त्यांच्या पाठीकडं बघत उभा राहिला. आईचा नियम त्याला आडोशाला मिळाला. आत्ता बोलायचं नसतं. झाल्यावर बोलू. त्यानं डावा पाय उचलला. एकदा, दोनदा, तीनदा.

साहेब हळूच उठून बसले. पाठ ताठ केली, इकडं वळले, तिकडं वळले. आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अरे, उतरली की रे! उतरली! बन्सी, याला चहा दे. गोरख, काय म्हणत होतास तू?"

बन्सी बघत होता, काकासाहेब बघत होता. साहेब हसऱ्या डोळ्यांनी बघत होते.

"काय न्हाई, साहेब," गोरख म्हणाला. "मधूची तब्येत इचारत हुतो."

घरी सृष्टी दारातच उभी होती. बॅग भरलेली नव्हती. नुसती रिकामी, उघडी पडलेली.

"सांगितलं?"

"व्हय."

"सगळं? पाय लावल्याचं बी?"

"व्हय म्हणलं ना!"

"मंग काय म्हणले साहेब?"

"म्हणले, कप तिचाच हाय. हक्काचा." एवढं खरं होतं, म्हणून ते तोंडातून सरळ आलं. "शेवटचा बास्केट सुंदर घातला, म्हणले."

सृष्टीच्या चेहऱ्यावरचं आठवडाभराचं सगळं एकदम उतरलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पहिल्यांदा रडली, मोकळी रडली. आतून पुष्पावतीनं पदराला डोळे पुसले. "पप्पा, मला वाटलं हुतं तुमी न्हाई सांगायचे," सृष्टी म्हणाली. "मी तुमाला काय काय बोलले." सणासुदीला ओढून आणावी लागणारी पोरगी, पण त्या दिवशी आपण होऊन वाकली, बापाच्या पाया पडायला.

गोरखनं डावा पाय झटकन मागं घेतला. पण तोवर तिचा हात लागला होता, आणि तो हात तिनं कपाळाला लावलाही होता.